ओटीचा पदर

मला गाऊनचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मंचरच्या कापडदुकानात भर बस्त्यात मी जे केलं त्याचं कुणाला नवल वाटायला नको. गाऊन झोपताना बरा असतो, उन्हाळ्यात तर फारच बरा, मीही घालते. पण अपघातानंतर तो माझ्या अंगावर चढला आणि वर्ष उलटून गेलं तरी उतरायचं नाव घेईना. सकाळी गाऊन, संध्याकाळी गाऊन, पाहुणे आले की त्यातल्या त्यात बरा गाऊन आणि वर ओढणी. आमच्या बोरी गावातली माणसं भेटायला यायची, माझ्याकडे बघायची आणि उंबऱ्यातच आवाज बारीक करायची. "कसं हाय आता?" मी ठणठणीत होते. पाय चालत होते, तोंड चालत होतं, डोकं तर पहिल्यापेक्षा जोरात चालत होतं. एक उजवा हात तेवढा खांद्यापासून गेला होता.

तो गेला मंचरजवळ, हायवेवर. मार्केटला कांदा टाकून आम्ही नवरा-बायको मोटारसायकलवर घरी निघालो होतो. पुढच्या ट्रॉलीवरून एक गोणी निसटली आणि आमच्या चाकासमोर येऊन फुटली. नवऱ्याचे गुडघे सोलवटले. मी उजव्या खांद्यावर आपटले. हाड मोडलं असतं तर जुळलं असतं, माझ्या खांद्यातल्या नसा तुटल्या. पुण्याला ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की कोपर थोडंफार वाकेल, बोटं मात्र यायची नाहीत. बाकी सगळे "होईल हळूहळू" म्हणून माझी समजूत काढत होते, तेव्हा हा एक माणूस खरं बोलला याचं मला बरंच वाटलं. घरी येईपर्यंत रडून घेतलं आणि मग विचार करायला लागले की या बोटांवाचून काय काय अडतं.

सगळ्यात आधी अडलं ते नेसणं. हात धड असताना आपल्या कधी लक्षातही येत नाही की बाईच्या अंगावर किती गाठी आणि किती अडकवण्या असतात. परकराचा नाडा, ब्लाउजचे हुक, साडीच्या निऱ्या, पदराची पिन. यातलं एकही काम एका हाताचं नाही. नाड्याचं एक टोक दातात धरून मी बांधायला बघितलं. गाठ बसली, पण कंबरेला नाही, हनुवटीजवळ.

पहिले काही दिवस नवऱ्याने साडी नेसवायचा घाट घातला. हा माणूस आयुष्यभर कांद्याच्या गोण्या भरत आणि शिवत आलेला. त्याने मलाही तशीच नेसवली. कोंबलं, दाबलं, आवळलं. निऱ्या पोटावर यायच्या त्या कुशीत गेल्या.

"अहो, मला काय मार्केटला धाडताय का?"

"हालू नगंस गं. सुटंल."

ती अंगणापर्यंत जाईस्तोवर सुटली. मग गाऊनच सोपा पडायला लागला. सकाळी तो माझ्या डोक्यावरून गाऊन घालायचा, लुळा हात आधी बाहीत घालायचा, कारण व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने तसंच सांगितलं होतं: घालताना लुळा हात पहिला, काढताना शेवटचा. मग केस विंचरायचा. वेणी घालायलाही शिकला, जरा सैल घालायचा पण घालायचा. कधी कटकट नाही, कधी कुणापाशी बोलून दाखवणं नाही. गाडी तो चालवत होता, हे त्याच्या मनातून जात नव्हतं हे मला कळायचं. पण रोज सकाळी लहान पोरासारखं कुणापुढे तरी उभं राहायचं, याची मला लाज वाटायची. नवऱ्याची नाही, माझीच मला.

अशात आमच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी आंबेगाव तालुक्यातली, चाकणला नोकरीला, मुलाच्याच कंपनीत. बोलणी झाली, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी माझी थोरली जाऊ येऊन बसली. जाऊबाईंचं घर आमच्या घराला लागून आहे, चूल मात्र वेगळी. त्यांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग मुद्द्यावर आल्या.

"लग्नात वरमाईचं काय ते मी बघते. तू खुर्चीवर निवांत बस."

"म्हंजे?"

"आगं, ईहीन ओटी भरंल. ओटी दोन हातानं पदर धरून घ्यायची असती. तू कशी घेशील? मी घेते तुझ्या वतीनं. तुझा पोरगा मला काय परका हाय का?"

जाऊबाईंच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. माझ्या आजारपणात भाकऱ्यांची दुरडी त्यांच्याच घरून यायची. पण मान कुणाला नको असतो? आमच्याकडे वरमाईला मांडवात जो मान असतो तो बाईच्या आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळी येतो. मुलीकडची माणसं पाय धुतात, हळद-कुंकू लावतात, आणि मुलीची आई पदरात ओटी घालते. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. आमची मुलगी आता तुमच्या पदरात, असा त्याचा सरळ अर्थ. आणि माझ्या सुनेला दुसऱ्या कुणाच्या पदरात घालणार होते. मी खुर्चीवर बसून बघायचं. गाऊनवर.

मुलाला बोलले तर तो म्हणाला, "आई, तू गाऊनवर ये नायतर कशावर बी ये, काय फरक पडतोय?"

"मंग तू बी चड्डीवर उभा राहा बोहल्यावर. काय फरक पडतोय?"

तो हसला. मी हसले नाही. तेव्हाच ठरवलं की साडी मीच नेसणार, माझ्या एका हाताने, कुणी हात न लावता, आणि ओटीही मीच घेणार.

मुलाने माझा राग घालवायला मोबाईलवरून एक शिवलेली साडी मागवली. निऱ्या आधीच घातलेल्या, नुसती चढवायची. दिसायला झकास. पण तिला कुशीत चेन होती. चेन वर ओढायची तर एका हाताने खालचं टोक धरावं लागतं आणि दुसऱ्याने ओढावी लागते. ज्याने ती शिवली त्याला दोन हात होते, हे उघड आहे. मी ती कुणाला तरी देऊन टाकली.

मग आम्ही घरीच उद्योग सुरू केला. दुपारी जेवणं झाली की दार लोटून घ्यायचं आणि मी जुन्या सुती साडीवर कुठे काय हवं ते डाव्या बोटाने दाखवायचं. शिवायला नवरा. शिलाई मशीनवर त्याने कधी पाय ठेवला नव्हता, पण गोणी शिवायचं दाभण त्याच्या हातात बसलेलं. दाभण म्हणजे सुतळी ओवायची ती जाड, पुढून वाकलेली सुई. आधी साडी कापून दोन तुकडे केले. खालचा तुकडा निऱ्या घालून एका रुंद इलॅस्टिकवर शिवला, म्हणजे परकराचा नाडा आणि निऱ्या खोचणं दोन्ही गेलं. तो कंबरेभोवती गुंडाळायचा आणि डावीकडे पुढे पँटचा मोठा हुक अडकवायचा. वरचा तुकडा पदराचा. तो उजव्या कुशीत खालच्या पट्ट्याला जोडलेला, तिथून छातीवरून डाव्या खांद्यावर टाकायचा आणि खांद्यावर टिचबटण दाबायचं. एका बोटाने दाबलं की बसतं.

टाके बोटभर लांब. मागून बघितलं तर मी खरोखरच गोणी दिसत होते. पण मी स्वतः नेसले. दाराला कडी लावून, एकटी. आरशासमोर उभी राहिले आणि किती दिवसांनी मला मी दिसले. नवरा बाहेरून विचारत होता, "झालं का? येऊ का?" मी मुद्दाम उशीर लावला.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही. जाऊबाईंनाही नाही. होण्याआधी गाजावाजा केला की चार जणी सल्ले द्यायला येतात आणि आपलं काम बाजूला राहतं. पण त्या न सांगण्यानेच पुढचा घोटाळा झाला.

बस्ता मंचरला ठरला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, पण ती नुसती खरेदी नसते. दोन्ही घरची माणसं एकाच दुकानात गादीवर समोरासमोर बसतात आणि सगळ्यांच्या देखत एकेक मान पुकारला जातो. नवरीचा शालू, मामीची साडी, आत्याची, करवलीची. कुणाला कसलं कापड पडलं, हे दोन्ही गावं पुढे कितीतरी वर्षं लक्षात ठेवतात. दुकानाचे शेठ मूळचे राजस्थानकडचे, पण त्यांच्या आजोबांपासून इथेच. मराठी आमच्याइतकीच रांगडी बोलतात आणि तालुक्यात कुणाची सोयरीक कुठे झाली ते त्यांना आमच्याआधी कळतं. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, मला टेकायला लोड दिला. मी त्या दिवशीही गाऊनवरच होते, कारण नवऱ्याच्या दाभणाची साडी नेसून मंचरला जाणं मलाही जमण्यासारखं नव्हतं.

मामी झाली, आत्या झाली, मावशी झाली. मग शेठ म्हणाले, "आता वरमाई." विहीणबाईंनी हळूच मान हलवली आणि नोकराने आतून एक मोठा चकचकीत डबा आणून माझ्यापुढे उघडला.

आत गाऊन होता. साधासुधा नाही. गर्द जांभळा, सॅटिनचा, गळ्याला मोती, बाह्यांना लेस. विहीणबाईंनी खास बाजूला काढून ठेवायला सांगितला होता. त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंना फोनवर ईचारलं, ईहीनबाई काय वापरत्यात. म्हनल्या गाऊन. म्हनलं मंग सगळ्यात भारीतला घ्यायचा. तुमाला तरास नको."

मामी स्वतःच्या साडीच्या घडीवरून हात फिरवत बसली. जाऊबाई पंख्याकडे बघायला लागल्या. मला कळत होतं की या बाईने मायेने केलंय. माझ्या घरच्याच माणसाला विचारून केलंय, यात तिची काहीच चूक नाही. तरी माझ्या कानशिलांत रक्त चढलं. बस्त्यात, मानाच्या साड्यांच्या ढिगात, वरमाई म्हणून माझ्या नावाने एक गाऊन पडला होता, आणि सगळ्यांना ते बरोबर वाटत होतं.

मी डाव्या हाताने डब्याचं झाकण लावलं आणि डबा गादीवरून शेठकडे सरकवला.

"ह्यो मागं घ्या, शेठ. आन् मला साड्या दाखवा. काठापदराच्या."

"आगं," जाऊबाई पुटपुटल्या, "नेसणार कशी?"

"नेसंन. माझं मी बघीन."

विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं काय चुकलं का?" त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं, पण तेव्हा जर मी नरम पडले असते तर तो गाऊन घेऊनच घरी आले असते. "तुमचं काय बी चुकलं न्हाई," मी म्हटलं. "माझा हात गेलाय. मी हाय की हितं." हे बोलताना माझा आवाज फाटला, त्याचा मला रागच आला.

साड्या आल्या. मी हिरवी निवडली, लाल काठाची, पदरावर जर. मग शेठना म्हटलं की तुमचा फॉल लावणारा माणूस बसलाय ना बाहेर, त्याच्याकडून हिचे दोन तुकडे करून द्या. किती मापावर कापायचं ते मला जुन्या साडीवरून पाठ झालं होतं. घरी न्यायची नव्हती कारण घरी नेली की दोन्ही घरच्या बायका आडव्या पडल्या असत्या. इथे निदान मी आधीच वाईट ठरले होते, अजून थोडं ठरायला हरकत नव्हती.

शेठनी हात जोडले. "वहिनी, बस्त्याची साडी हाय. हळद लागायच्या आत हिला कात्री? आमच्या गादीवर आसं कधी झालं न्हाई."

"ब्लाउजपीस कशानं कापता मंग? दातानं?"

करवली फिसकन हसली. शेठही जरा चपापले. "त्यो शेवटाला आसतो वहिनी. साडीच्या अंगाला कात्री लावत न्हाईत. अपशकुन आसतो."

"अंगाचं म्हनाल तर माझ्या बी अंगाला कात्री लागलीया, पुण्याला. टाके पडल्यात. म्हनून मला कुणी माघारी दिलं न्हाई."

शेठनी फॉलवाल्याची कात्री मागवली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "मी न्हाई लावनार. तुमी लावा."

मी उचलली. आणि तिथे माझी फजिती झाली. कात्री उजव्या हाताची असते, हे मला तोवर कळलंच नव्हतं. डाव्या हाताने दाबली की कापड कापायच्या ऐवजी पात्यांमध्ये दुमडून अडकतं. मी एकदा दाबली, पुन्हा दाबली. रेशमाला नुसती चुणी पडली. सगळे बघत होते. घाम फुटला. आता हे लोक म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

तेवढ्यात समोरच्या रांगेतून नवरी उठली. ही मुलगी तोवर एक शब्दही बोलली नव्हती. ती येऊन माझ्याजवळ बसली, माझ्या हातातून कात्री घेतली आणि साडी गादीवर सपाट केली.

"आगं ये बाई, तू नको!" तिची आई जवळजवळ ओरडली. "नवरी हायस तू!"

"मम्मी, थांब जरा," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "कुठं लावू, आई?"

मी बोटाने दाखवलं. तिने एका दमात कापली. तो कर्रकर्र आवाज अख्ख्या दुकानाने ऐकला. तिने मला पहिल्यांदा आई म्हटलं ते या कात्रीसकट, म्हणून त्या मुलीशी माझं कधी वाजलं तरी मी फार ताणत नाही.

साडी गावातल्या शिलाईवालीकडे दिली. तिने मशीनवर सुबक शिवली, ब्लाउजही तसाच केला: वरून दिसायला हुक, आतून वेलक्रो, म्हणजे लहान मुलांच्या बुटांना असते ती चरचर उघडणारी पट्टी. उजवी बाही खांद्यापासून पूर्ण उघडणारी, टिचबटणांची. उरलेल्या काठाची तिने हात अडकवायला झोळी केली, कारण लुळा हात नुसता लोंबला की खांदा ओढला जातो आणि संध्याकाळी ठणका लागतो. दवाखान्यातली निळी झोळी मला मांडवात नको होती. आणि पदराच्या एका टोकाला मी एक बंद लावून घेतला, त्याला टिचबटण, आणि त्याचा जोड उजव्या कंबरेला. तो कशासाठी ते तिलाही सांगितलं नाही.

पहिली पत्रिका लेण्याद्रीच्या गणपतीपुढे ठेवायची आमची पद्धत आहे. मी म्हटलं, नवी नको, ती दाभणाची जुनी साडी नेसून जाते; तिलाही शिलाईवालीकडून तसाच बंद लावून घेतला होता. एवढ्या पायऱ्या चढून-उतरून ती टिकली तर मांडवात नक्की टिकेल. पायथ्यालाच एक डोलीवाला आडवा आला. "आजी, डोली करू का? हाताचं दुखणं दिसतंय."

"आजी आसंल तुझी. पायानं चढत्यात पायऱ्या, हातानं न्हाई."

नवरा मागून हसत होता. चढले, दर्शन घेतलं, पत्रिका ठेवली. उतरताना मात्र लेण्याद्रीच्या माकडांनी गाठलं. एकाला माझ्या पदरात प्रसाद दिसला. त्याने पदर धरला आणि ओढला. खांद्याचं टिचबटण सुटलं, कंबरेचा बंद उसवला, आणि मी एका हाताने पदर धरू की प्रसाद धरू की माकडाला मारू, या विचारात असताना माकडाने तिन्हींचा निकाल लावला. नवऱ्याने काठी आपटली तेव्हा ते गेलं. लोक हसले. मीही पायरीवर बसून हसले, पण आतून धसकले होते. मांडवात माकड नसेल, पण नारळाचं वजन असेल.

घरी आल्यावर नवऱ्याने नवी साडी पुढ्यात घेतली. खांद्याला आणखी एक टिचबटण लावलं. आणि शिलाईवालीच्या नाजूक शिलाईवर, आतल्या बाजूने, त्या ओटीच्या बंदाला दुहेरी दोऱ्याने दाभणाचा टाका घातला. गोणीच्या तोंडाला घालतात तसाच, उलटसुलट, प्रत्येक टाक्याला गाठ. "ह्यो तुटत नसतो," एवढंच म्हणाला.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात आम्हाला एक खोली दिली होती. मी सगळ्यांना बाहेर काढलं. जाऊबाई आधीच तयार होऊन आलेल्या, नव्या साडीत, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला. त्या दाराला कान लावून होत्या.

"येऊ का गं मदतीला?"

"न्हाई!"

लुळा हात आधी. मग ब्लाउज, चरचर. मग निऱ्यांचा पट्टा. घामाने बोटं घसरत होती आणि हुक एकदा अडकून सुटला तेव्हा मला रडू आलं, खरंच आलं. वाटलं, हाक मारावी. चार बाया आत येतील आणि चुटकीसरशी नेसवतील. मग मी पदराला तोंड पुसलं आणि पुन्हा अडकवला. बसला. पदर टाकला, दोन्ही टिचबटणं दाबली, काठाच्या झोळीत हात ठेवला, कुंकू लावलं आणि दार उघडलं.

नवरा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. तो उभा राहिला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आता उद्यापास्नं सकाळी मी काय करू?"

"चहा करा," मी म्हटलं. त्याचा चेहरा बघवेना, म्हणून जरा खेकसूनच म्हटलं.

जाऊबाईंनी सवयीने माझ्या निऱ्या सारख्या करायला हात घातला. सारखं करायला काही नव्हतं. मग त्यांनी पदराकडे बघितलं. "गुजराती पदर घ्यायचा व्हता गं, उजव्या खांद्यावरनं. हात झाकला आसता."

"कशापायी झाकू? चोरीचा हाय का?"

मांडवात पाय धुऊन झाले, हळद-कुंकू झालं. विहीणबाई ओटीचं ताट घेऊन पुढे आल्या. बस्त्यानंतर त्या माझ्याशी जपून बोलायच्या, आणि आताही नजर देत नव्हत्या. त्यांना काय ठरलंय ते माहीत होतं. त्या माझ्यापुढून सरकून जाऊबाईंपुढे उभ्या राहिल्या. जाऊबाईंनी दोन्ही हातांनी पदर पसरला.

"थांबा," मी म्हटलं.

पदराचं टोक पाठीमागून उजव्या कुशीतून पुढे आणलं आणि त्याचा बंद कंबरेच्या जोडावर दाबला. टिच आवाज झाला. दुसरं टोक डाव्या हातात धरलं. पदराची झोळी झाली, मोकळी, भरायला तयार.

विहीणबाई बघतच राहिल्या. मग दोन पावलं माघारी आल्या. तांदूळ घातले. हळकुंड, सुपारी, खण घातला. शेवटी नारळ उचलला आणि माझ्या पदरात ठेवला, पण हात काढेनात. खालून तळवा लावून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना वाटत होतं पडेल. आपल्या मुलीच्या लग्नात भर मांडवात ओटीचा नारळ पडला, असं व्हायला नको होतं त्यांना.

"सोडा की," मी म्हटलं.

त्यांनी सोडला. पदर खाली झुकला, बंद ताणला, कंबरेला ओढ बसली. नारळ तिथेच राहिला. जाऊबाईंचा पदर अजून पसरलेलाच होता; त्यांनी तो हळूच खांद्यावर घेतला आणि माझ्या कपाळावरची बट मागे सारली. गर्दीत मागे नवरा मान उंच करून बघत होता. विहीणबाईंच्या ताटात केळी, बदाम, खारका अजून तशाच होत्या आणि त्या घालू की नको अशा उभ्या होत्या.

"घाला की अजून," मी नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. "गोणीचा टाका हाय."